एका वेळी एकाच ठिकाणी

दादाभाऊंनी डोळे मिटले म्हणजे त्यांना झोप लागली असं नव्हे, हे अंकितला माहीत नव्हतं. त्यानं गाणं मध्येच थांबवलं आणि वृषालीला हळूच विचारलं, "काका दमले वाटतं. चहा सांगू?"

"चहा सांग, पन गानं कशाला बंद केलं राव?" दादाभाऊ डोळे न उघडताच म्हणाले. "बाई आत्ता कुठं श्वास घेत व्हती."

नारायणगावात अंकितच्या वडिलांचं, भंवरलालशेठचं, मिक्सर-पंखे-टीव्हीचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत अंकितनं स्वतःच्या हौसेनं चांगले स्पीकर मांडून ठेवले होते. भाव विचारायला लोक यायचे आणि पंखा घेऊन जायचे. आज मात्र वृषाली वडिलांना घेऊन आली होती. ती अंकितच्या कॉलेजातली. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून आता चाकणच्या एका प्रयोगशाळेत चालत्या गाडीच्या आत किती आवाज येतो ते मोजायची.

दादाभाऊंनी, म्हणजे तिच्या आण्णांनी, सव्वीस वर्षं टेम्पो चालवला. राजुरीहून निघायचं, नारायणगावला टोमॅटो भरायचे आणि वाशी गाठायची. टेम्पोतला टेप हीच काय ती त्यांची चैन. वृषालीनं एकदा सहज हिशेब केला होता. त्या इंजिनाच्या आवाजात गाण्याचा निम्मा भाग त्यांच्या कानापर्यंत कधी पोचलाच नसणार. सव्वीस वर्षं माणसानं अर्धंच गाणं ऐकलं. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, टेम्पो सुटला, आणि तिनं ठरवलं की आण्णांना आता गाणं पूर्ण ऐकवायचं.

अंकितनं दोन जोड लावून दाखवले. एक कमरेएवढा उंच, दुसरा बुटक्या खोक्यासारखा, टेबलावर मावेल असा. वृषालीच्या मोबाइलमध्ये दोन्हींच्या आवाजाचे आलेख होते. ती ते दाखवणार, एवढ्यात आण्णांनी डोळे उघडले.

"मोठ्यात ढोल झ्याक वाजतो. पन बाई त्या ढोलामागं दडून बसती. ह्या बारक्यात ती म्होरं येऊन उभी ऱ्हाती. बारका घ्या."

वृषालीनं आलेखाकडे पाहिलं. मोठ्या जोडाची रेघ खालच्या सुरांपाशी टेकडीसारखी फुगलेली होती. आण्णांचे शब्द आणि ती रेघ एकच गोष्ट सांगत होती. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

"दादाभाऊ, तुमी आमच्या पोराची लाज राखली बघा," भंवरलालशेठ बाहेरून म्हणाले. "ह्या खोलीत आजवर नुसता चहाच खपला."

स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि इंटरनेटवरून गाणी ओढून घेणारं एक छोटं यंत्र, म्हणजे स्ट्रीमर, अशी तीन खोकी राजुरीच्या घरात आली तेव्हा आई ओट्यावर लसूण सोलत होती.

"एवढ्या पेट्या? ह्यानं गायी दूध ज्यादा देनार हायेत का?"

"तुला ऐकायचं नसंल तर नको ऐकू," आण्णा म्हणाले.

"का म्हनून? माझ्या लेकीनं आनलंय. पहिली गवळण माझी लागनार, मंग तुमचं काय ते रडगानं लावा."

आईचं नाव उज्ज्वला. तिला एकच गवळण आवडायची, लग्नात तिच्या मावशीनं म्हटलेली. तीच गवळण दुसऱ्या एका बाईच्या आवाजात वृषालीला सापडली होती. आईचं स्वतःचं ऐकण्याचं साधन वेगळं होतं. हातात मावेल असा एक निळा स्पीकर, मोबाइलला जोडून वाजवायचा. आई त्याला निळा डबा म्हणायची.

तो डबा करमणुकीसाठी नव्हता. राजुरीच्या आसपास ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. उसाच्या कडेला एकट्यानं काम करायचं तर जवळ काहीतरी वाजत ठेवायचं, ही इकडची रीतच. कुणी रेडिओ ठेवतं, कुणी मोबाइलवर सिनेमाची गाणी लावतं. आई रोज दिवस मावळायच्या आत गायींसाठी घास, म्हणजे हिरवा चारा, कापायला जायची, आणि बांधावर निळ्या डब्यात कीर्तन लावायची.

"गाणी का नाही लावत?" वृषालीनं एकदा विचारलं होतं.

"त्याला गोड लागली तर? बसायचा आयकत. म्हाराज कसे वरडत्यात, त्येच बरं."

पण फुकटच्या अ‍ॅपवर कीर्तनात जाहिराती यायच्या. 'म्हाराज देवाचं सांगत्यात आन् मधीच एक बाई साबनाचं सांगती,' अशी आईची तक्रार. त्यातून मोबाइलची काच काळी झाली की कीर्तन बंद. म्हणून गणपतीत घरी आल्यावर वृषालीनं गाण्यांचं आपलं स्वतःचं, वर्गणी भरलेलं खातं आईच्या मोबाइलवर चालू करून दिलं. जाहिरात नाही, मध्येच थांबणं नाही. आई खूश झाली. सगळ्या आळीला सांगून आली.

त्या खात्याला एक अट होती. एका वेळी एकाच ठिकाणी वाजेल. दुसरीकडे सुरू केलं की पहिल्या ठिकाणचं थांबणार. वृषालीनं ती अट वाचलेली होती. पण चाकणला ती स्वतः विकत घेऊन साठवलेल्या फायली ऐकायची, वायरच्या हेडफोनवर. खातं वापरायची ती एकटी आईच. अडीच महिन्यांत त्या अटीशी गाठ पडायचा प्रसंगच आला नाही, आणि अट मनातून निसटून गेली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळं जोडायचं ठरलं. सकाळपासून बापलेकीची धांदल चालली होती. हॉलमध्ये इन्व्हर्टरची वीज एकाच प्लगला होती. तिथं निळा डबा चार्जिंगला लावलेला होता. आण्णांनी त्याची पिन उपसली आणि अ‍ॅम्प्लिफायरची घातली. वृषालीनं टेप धरून दोन स्पीकरांमधलं अंतर मोजलं, तेवढ्याच अंतरावर आण्णांची खुर्ची मांडली. मागच्या भिंतीवरून आवाज आपटून परत येत होता, म्हणून आईची गोधडी तिथं खिळ्यांना अडकवली.

"माझी गोधडी भिंतीला?" आई दारात उभी राहिली. "थंडी भिंतीला वाजती व्हय गं?"

"आवाज शोषून घेते ती, आई."

"शोषू दे. रातच्याला मला पांघरायला लागंल तवा त्यो आवाज झटकून दे म्हंजे झालं."

पाचच्या सुमारास आईनं विळा घेतला, निळा डबा घेतला, डोक्याला फडकं गुंडाळलं.

"आज मी जाऊ का?" वृषाली म्हणाली.

"तू तुझ्या तारा जोड. धा मिनटाचं काम हाय माझं. आन् आयका, माझी गवळण लावायची न्हाय मी येस्तवर. पहिली मी आयकनार."

"न्हाय लावत," आण्णा म्हणाले.

आणि त्यांनी ती खरंच लावली नाही. पाऊण तासानं जोडणी संपली तेव्हा आई आली नव्हती. घास कापून झाल्यावर ती शेजारच्या शेतातल्या गेणूकाकांच्या बायकोशी बांधावर बोलत बसायची, त्यामुळे त्यात नवल वाटलं नाही. आण्णांनी दुकानातलं तेच गाणं मागितलं, श्वास घेणाऱ्या बाईचं. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज नको म्हणून वृषालीनं खिडक्या लावून घेतल्या. आण्णा खुर्चीत बसले. तिनं मोबाइलवरून गाणं सुरू केलं.

तंबोरा लागला. खोलीच्या बरोबर मध्ये, जिथं काहीच नव्हतं, तिथं एक बाई उभी राहिली. तिनं पहिली ओळ घेतली, आणि गाणं थांबलं.

"नेट गेलं वाटतं," वृषाली म्हणाली. मोबाइलवर खाली एक छोटी चौकट आली होती. अशा चौकटी ती वाचत नसे, कुणीच वाचत नाही. तिनं त्यातलं बटण दाबलं. गाणं पुन्हा सुरू झालं. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, पुन्हा थांबलं.

"आमच्या टेम्पोतला टेप बरा व्हता की गं," आण्णा हसले. "निदान खड्डा आल्यावर तरी थांबायचा. हितं तर रस्ताबी न्हाय."

ती ओशाळली. एवढं मोजून मापून मांडलेलं, आणि पहिल्याच गाण्याला हे. तिनं पुन्हा चौकट दाबली, जरा रागानंच.

तिसऱ्यांदा गाणं थांबलं नाही.

सहा मिनिटं चौदा सेकंद. आण्णा डोळे मिटून बसले होते. कडव्याआधी बाईनं श्वास घेतला तेव्हा त्यांची छातीही तिच्याबरोबर वर आली. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले तर ते ओले होते. "वृषे," ते म्हणाले, "ही तर घरात आली की गं आपल्या. एवढी वर्सं काचेच्या पल्याड व्हती." आणि लगेच, "आवाज वाढीव थोडा. दुसरं लाव."

दुसरं गाणं अर्ध्यावर असताना दारावर कुणीतरी दोन्ही हातांनी थापा मारू लागलं. गेणूकाका होते. त्यांच्या अंगरख्यावर रक्त होतं, आणि ते त्यांचं नव्हतं.

"दादाभाऊ, वैनी... उसाकडंला... कवाधरनं वरडतोय मी, दारं-खिडक्या लावून काय बसलाय!"

आळेफाट्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आई गेली होती.

---

वनखात्याची माणसं आली, पिंजरा लागला. चौथ्या दिवशी पिंजऱ्यात बिबट्याची एक मादी सापडली. ती हीच का, ते कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही. गावातल्या लोकांनी बांधावर उभं राहून सगळं पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. कापलेला घास एका जागी रचलेला होता. विळा त्यावर. निळा डबा बांधावर उभा, पण बंद.

"डबा बंद पडला, तिथंच घात झाला," कुणीतरी म्हणालं.

त्या वाक्यानं आण्णांना धरलं ते सोडलंच नाही. दहाव्याला, तेराव्याला, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःच सांगत. समोरच्यानं विचारायची वाटही बघत नसत. "सकाळी तिच्या डब्याची पिन म्या काढली. ह्या पेटीची घालाया. डबा अर्धाच भरला व्हता. सव्वीस वर्सं डिझेल बघितल्याबिगर टेम्पो हालवला न्हाय म्या, आन् बायकोला तसंच लावून दिलं."

"असं नसतं आण्णा," वृषाली म्हणायची.

"मंग कसं असतं?" ते खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारायचे.

वनखात्याच्या साहेबांनी समजावून पाहिलं. म्हणाले, आवाजानं तो लांब राहतोच असं नाही, कित्येकदा सवय होते त्याला. माणूस खाली बसलेलं, वाकलेलं असलं की त्याला ते लहान जनावर वाटतं, उभं असलं तर सहसा जवळ येत नाही. आण्णांनी मान डोलावली, पण ऐकलं काहीच नाही. नव्या स्पीकरवर त्यांनी पांढरं धोतर टाकून ठेवलं. गोधडी भिंतीवरच राहिली, ती काढायचं बळ दोघांतही नव्हतं. आणि घरातलं जे जे म्हणून चार्जिंगला लागतं ते आण्णा दिवसभर लावत राहायचे. बॅटऱ्या, मोबाइल, शेजाऱ्यांचे फवारणीचे पंपसुद्धा मागून आणायचे. जेवण मात्र अर्ध्या भाकरीवर आलं होतं.

डिसेंबरच्या शेवटी मासिकाचा विधी होता. वृषाली चार दिवस आधीच आली. आईची कपाटातली लुगडी घडी करताना तळाशी टॉवेलात गुंडाळलेला निळा डबा हाताला लागला. शेजारी आईचा मोबाइल, काचेला तडा गेलेला. पोलिसांनी दिल्यावर आण्णांनी दोन्ही तसेच ठेवले होते. डब्याच्या जाळीत घासाची एक वाळलेली काडी अडकलेली होती. ती काढता काढता तिचं बोट बटणावर पडलं.

डबा बोलला. इंग्रजीत, त्याच्या त्या कोरड्या बाईच्या आवाजात. बॅटरी सत्तर टक्के.

वृषाली कपाटापाशी खाली बसली. महिनाभर बंद पडून असताना बॅटरी फार तर थोडी उतरते, चढत तर नाहीच. म्हणजे त्या संध्याकाळी डब्यात भरपूर चार्ज होता. आण्णांनी पिन काढली त्याचा यात काही संबंधच नव्हता. तिला रडूही आलं आणि आनंदही झाला. ती ओरडून सांगायला उठलीसुद्धा. दारापर्यंत गेली आणि थांबली.

मग तो बंद का होता?

तिनं हातातलं घड्याळ पाहिलं आणि डबा चालू ठेवून समोर बसली. काही न वाजवता पंधरा मिनिटं गेली, आणि डबा आपला आपण बंद झाला. ते तर असल्या स्पीकरांत असतंच. बराच वेळ आवाज आला नाही की ते स्वतःला मिटून घेतात. म्हणजे आधी कीर्तन थांबलं. डबा नंतर, गावातले लोक जमेपर्यंत कधीतरी बंद झाला.

कीर्तन का थांबलं? त्या खात्यावर ते मध्येच थांबत नाही. तेवढ्याचसाठी तर तिनं ते आईला दिलं होतं.

हा प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच तिला उत्तर समजलेलं होतं. तरी तिनं आईचा मोबाइल चार्जिंगला लावला. अ‍ॅप उघडलं. तड्याखाली एक छोटी चौकट होती, महिनाभर तिथंच थांबलेली. 'दुसऱ्या डिव्हाइसवर सुरू आहे. इथे ऐकायचं?'

खात्यात काय काय वाजलं त्याची यादी असते, वेळेसकट. तिनं ती उघडली.

पाच वाजून अकरा मिनिटं, कीर्तन, आईचा मोबाइल. पाच सत्तेचाळीस, गाणं, घरचा स्ट्रीमर. पुढच्याच मिनिटाला पुन्हा कीर्तन, आईचा मोबाइल. मग गाणं. पाच एकोणपन्नास, कीर्तन. पाच पन्नास, गाणं.

त्यानंतर आईच्या मोबाइलवरून काहीच नाही.

घरातलं गाणं नेट गेल्यामुळे थांबलंच नव्हतं. बांधावर आईनं कीर्तन पुन्हा लावलं होतं, म्हणून थांबलं होतं. दोनदा. आणि दोन्ही वेळा वृषालीनं ते तिच्या हातातून ओढून घेतलं. एकमेकींपासून दीडशे मीटरवर बसून मायलेकी एकच गोष्ट इकडून तिकडे खेचत होत्या, दोघींनाही न कळता. तिसऱ्यांदा गाणं सुरळीत वाजलं, कारण तिसऱ्यांदा ते परत मागायला पलीकडे कुणी उरलं नव्हतं.

आणि मोबाइल बघायला आई नेहमी खाली बसायची. चष्मा नसायचा जवळ. पदराचा आडोसा करून, काच डोळ्यांपाशी नेऊन, वाकून बघायची.

खिडक्या उघड्या असत्या तर दीडशे मीटरवरची हाक घरात किती डेसिबल ऐकू आली असती, हे गणित वृषालीनं एकदा केलं. पुन्हा केलं नाही.

यादीच्या खाली एक बटण होतं. सगळी नोंद पुसून टाका. तिनं त्यावर बोट नेलं. आण्णांना कधीच कळलं नसतं. गावात कुणाला कळलं नसतं. बाहेर ओट्यावर आण्णा गेणूकाकांना सांगत होते, कितव्यांदा कोण जाणे, "...पिन म्या काढली. ह्या पेटीची घालाया."

तिनं बोट मागे घेतलं. पण सगळं सांगायचं धाडसही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं अर्धं सांगितलं. निळा डबा आण्णांच्या हातात दिला, बटण दाबलं.

"काय म्हनती ही?"

"सत्तर टक्के चार्ज आहे म्हणते. महिन्यानंतर. म्हणजे त्या दिवशी त्याहून जास्तच असणार. तुमची काही चूक नव्हती, आण्णा. पिन काढली म्हणून काही झालं नाही."

आण्णांनी डबा उलटासुलटा केला. कानाशी नेला. त्यांच्या चेहऱ्यावरची एक शीर महिन्याभरात पहिल्यांदा सैल झालेली तिला दिसली, आणि क्षणभर तिला वाटलं की एवढंच पुरे.

"मंग बंद का पडला?" आण्णांनी विचारलं.

वृषाली डबा परत घ्यायला पुढं झाली.

सव्वीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस तो. कारण कळल्याशिवाय टेम्पो पुढं नेला नव्हता त्यांनी. "वृषे, बॅटरी चांगली, वायर चांगली, मंग लाईट का गेली? तुला ठावं हाय. तुझ्या तोंडावर दिसतंय. काय ते सांग."

तिनं सांगितलं. आधी खात्याची अट सांगितली, मग यादी दाखवली, एकेका ओळीवर बोट ठेवून. शाळेत प्रयोग सांगताना सांगायची तशी, क्रमानं, एकही गोष्ट न गाळता, कारण तसं नसतं केलं तर तिला बोलताच आलं नसतं. शेवटी आईच्या मोबाइलवरची ती चौकट दाखवली.

आण्णांनी यादीतल्या कीर्तनाच्या ओळींवर स्वतःचं बोट फिरवलं.

"दोनदा लावलं तिनं?"

"हो."

"आन् म्या म्हनलं टेम्पोतला टेप बरा."

"आण्णा, बटण मी दाबलं. तुम्ही नाही."

"म्या हसलो," ते म्हणाले. "ती तिकडं लावत व्हती, आन् म्या हितं हसलो. आन् मंग सबंध गानं आयकलं. आवाज वाढीव म्हनलं तुला."

त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, दूरही केलं नाही. तिचं काही चुकलं असंही म्हणाले नाहीत आणि नाही असंही नाही. उठले, भिंतीपाशी गेले, गोधडीवर हात ठेवून उभे राहिले. मग तिथूनच म्हणाले, "मला दावशील?"

"काय?"

"मी डबा घेऊन तिथं जातो. तिच्या मोबाइलवर म्हाराज लावतो. तू हितनं गानं लाव. मला बघायचंय तिला काय दिसलं."

"नको ना, आण्णा."

"गेणू येतोय संगं. अजून उजेड हाय. लाव तू." ते दारात थांबले, पाठमोरेच. "तिची गवळण लाव. लावलीच न्हाय आपन ती."

दोघं म्हातारे बांधावरून जाताना तिला दिसले. गेणूकाकांच्या हातात काठी, आण्णांच्या हातात निळा डबा, पाण्यानं भरलेला तांब्या न्यावा तसा जपून धरलेला. तिनं खोलीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. स्पीकरवरचं धोतर काढून घडी करून ठेवलं. लांबून बारीक आवाज आला. महाराजांचा. त्या छोट्या डब्याला खालचे सूर झेपत नाहीत, आणि जे झेपतात त्यातले अर्धे वाटेत विरतात. मृदंग येत नव्हता, नुसता महाराजांचा चढा आवाज येत होता.

ती आण्णांच्या खुर्चीत बसली आणि तिनं गवळण सुरू केली.

बाहेरचा आवाज तुटला. खोलीत टाळ वाजले, दोन्ही भिंतींच्या मध्ये, अगदी हाताच्या अंतरावर. एका बाईनं श्वास आत घेतला, आणि पहिला शब्द यायच्या आत सगळं थांबलं. तिकडे आण्णांनी लावलं होतं.

मोबाइलवर चौकट आली. 'दुसऱ्या डिव्हाइसवर सुरू आहे. इथे ऐकायचं?' वृषालीनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली. दोन्ही हात तिनं मांडीवर ठेवले.

खिडकीतून महाराज ऐकू येऊ लागले. काय सांगत होते ते नीट कळत नव्हतं. आण्णा तिथं उभे होते की आईसारखे खाली बसले होते, तेही इथून दिसत नव्हतं. तिनं चौकटीला हात लावला नाही. काच काळी झाली, तरी ती तशीच बसून राहिली, आणि बांधावरचं कीर्तन न थांबता चालत राहिलं.